त्याचं ‘नको’ वहीत लिहा

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. अतितीव्र बौद्धिक अक्षमता, बोलणं अजिबात नाही. विशेष शाळेत जातो. रंगकामाच्या तासाला तो डोळे मिटून अंगठा मुठीत दाबून धरतो. मला त्याचा अर्थ कळतो, पण बाई म्हणतात, ‘त्याला काय कळतं? आपणच ठरवायचं.’ जूनअखेर शाळा उघडली की त्याचा वर्षाचा आराखडा ठरेल. त्याचं मत तिथं कसं पोहोचवू?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, सांगायचं ते तो अंगठ्यानं सांगूनच राहिला आहे. बाईंना ते दिसेल असं करायचं, एवढंच.

पण जरा दमानं. मी २६ वर्षं विशेष वर्ग सांभाळला, तरी फसले. एक मुलगी लेझीम वाजली की खदखदून हसायची. मी खूश, रोज तिला अगदी पुढे बसवायची. दोन महिन्यांनी तिची आजी म्हणाली, ‘‘ते घाबरली का अशीच हासते बाई. कुकरची शिट्टी झाली तरी हासते.’’ माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हापासून एका खुणेवर मी निकाल देत नाही.

म्हणून वही घाला. समोर काय होतं, त्याच्या अंगानं काय केलं, आपण काय समजलो, मग आपण काय केलं. घरी तुम्ही लिहा आणि आणखी कुणी तरी, एकमेकांचं न बघता. दोघांचं जुळलं तर ती खूण पक्की धरा. त्या दिवशी फिट आली होती का, पोट साफ होतं का, तेही टिपा; नाही तर दुखण्यालाच आपण नावड समजतो.

मग निवड द्या. कूलरच्या ताटीतला ओला वाळा एका बाजूला, रंगाचा ब्रश दुसऱ्या. हुंगू द्या, गालाला लावू द्या आणि मनात पंधरापर्यंत मोजा. आपण पाचालाच थकतो, म्हणून त्यांचं उत्तर हुकतं. नंतर बाजू बदलून पुन्हा. तो दरवेळी डावीकडेच वळत असेल तर ती निवड नव्हे, कदाचित त्याला तिकडचंच नीट दिसतं. त्याचा हात धरून वस्तूवर ठेवू नका. तसं केलं की निवड तुमची होते.

आणि ‘नको’ कळलं की तिथंच थांबा. तोंड फिरवूनही ब्रश येतच राहिला, तर मूल हळूहळू सांगणंच सोडतं. मग सगळे म्हणतात, किती शांत आहे!

बाईंशी भांडू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ मात्र वाचून जा. न बोलणाऱ्यांसाठी संवादाचे पर्यायी मार्ग वापरात आणावेत, असं त्यात आहे.

बैठकीला त्याला घेऊनच जा. दहा मिनिटं पुरे. वही टेबलावर ठेवा, बाईंच्याच हातानं त्याच्यापुढे आधी वाळा धरायला सांगा, मग ब्रश. पंधरापर्यंत मोठ्यानं तुम्ही मोजा.