ग्राफाइटसारखा थरांचा बोरॉन संगणकावर सापडू शकेल का? एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय घ्यावा का?

विषय जरूर घ्यावा. मात्र ‘सापडला’ असे म्हणण्याची या क्षेत्रात फार घाई होते आणि त्या घाईवरूनच माझे एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी बिनसले, ते आजतागायत.

त्यांनी बोरॉनच्या सपाट त्रिकोणी जाळ्या ग्राफाइटइतक्याच, म्हणजे ३.३५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) अंतरावर एकावर एक रचून डीएफटीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढण्याच्या पद्धतीचे, गणित चालवले. अणूंवरची बले शून्यावर आली आणि ‘बोरॉनचा ग्राफाइट’ या मथळ्याचे पोस्टरही तयार झाले. मी इनपुट फाइल उघडली तेव्हा रचनेची सममिती जपण्याची अट चालू ठेवल्याचे दिसले; प्रत्येक अणू आरसा-प्रतलावर, म्हणजे वरची आणि खालची बाजू एकमेकींच्या प्रतिबिंबासारखी असलेल्या पातळीवर, बसलेला असल्यामुळे त्याच्यावर वर-खाली बल येणे शक्यच नव्हते. मी सममिती बंद केली, अणू ०.०५ अँगस्ट्रॉमने इकडेतिकडे सरकवले, एकक पेशीची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानशा चौकटीची) उंची मोकळी सोडली आणि गणित रात्रभर लावून ठेवले. सकाळी पाहतो तो जाळ्या वेड्यावाकड्या होऊन एकमेकींना बंधांनी जखडल्या होत्या. थर म्हणावे असे काही उरलेच नव्हते. हे दाखवल्यावर उत्तर मिळाले, की पोस्टरसाठी एवढ्या खोलात जायचे नसते.

हे मला मुळीच मान्य नाही. बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असल्याने तो शेजारच्या थराशी बंध जोडायला टपलेलाच असतो. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये त्याची षटकोनी जाळी टिकते, ती मधल्या मॅग्नेशियमने तूट भरून काढल्यामुळे. तांग आणि इस्माईल-बेगी या संशोधकांनी २००७ मध्ये त्रिकोणी जाळीतला दर नववा अणू काढून षटकोनी छिद्रे ठेवली, तेव्हा कुठे गणितात सुटा थर स्थिरावला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बोरोफीन, म्हणजे बोरॉनचा एका अणूइतका पातळ थर, प्रत्यक्ष तयार झाले, तेही अतिनिर्वातात, चांदीच्या पृष्ठभागावर. आणि २०२१ मधल्या दुहेरी बोरोफीनचे थर सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या, पक्क्या) बंधांनीच जोडलेले निघाले.

तेव्हा प्रकल्पात फोनॉन, म्हणजे जाळीतल्या अणूंची सामूहिक कंपने, काढल्याशिवाय आणि त्यांत काल्पनिक वारंवारता (जरा हलवताच रचना मोडेल याची खूण) नाहीत याची खात्री केल्याशिवाय ‘स्थिर’ हा शब्द लिहू नका, मार्गदर्शकांनी कितीही आग्रह धरला तरी. अर्थात फोनॉन चांगले आले म्हणून पदार्थ तयार करता येईलच असे नाही. नेहमीच्या, बारा अणूंच्या विंशतिफलकांच्या बोरॉनशी ऊर्जेची तुलनाही करावी लागते. त्या पोस्टरवर माझे नाव घालू नये, असे मी तेव्हा लेखी कळवले होते आणि आजही तेच कळवीन.