साप्पोरोतल्या पहिल्या हिवाळ्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. जपानमधल्या साप्पोरोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचा आनंद त्याच्या ओळीओळीत होता आणि अगदी शेवटी, जरा संकोचून विचारलेला प्रश्नही होता, की रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला इथली थंडी सोसेल का. सोसेल. मी कोकणातूनच आले आणि माझे इथले एकविसावे वर्ष सुरू आहे. मात्र पोहायला जसे कुणाकडून तरी शिकावे लागते, तशी थंडीही शिकावी लागते, आणि मला ती वेळेवर कुणी शिकवली नाही म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

आधी इथे एवढे हिम का पडते ते समजून घे. तुला ते चटकन कळेल. अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्प घेऊन सह्याद्रीला अडतात आणि आपल्याकडे पाऊस कोसळतो. इथे सायबेरियातून निघालेले कोरडे, गोठवणारे वारे जपानच्या समुद्रावरून येताना त्याच्या तुलनेने उबदार पाण्यातले बाष्प उचलतात आणि इथल्या होक्काइदो बेटाच्या डोंगरांना भिडून त्याचे हिम करून टाकतात. सुमारे 20 लाख वस्तीच्या या शहरात एका हिवाळ्यात पडणाऱ्या हिमाची बेरीज जवळजवळ 5 मीटर भरते. तेव्हा हा आपल्या पावसाळ्यासारखाच ऋतू आहे असे समज. पागोळ्या गळू लागल्या म्हणून आपण कामे थांबवत नाही, तसे इथेही कुणी थांबवत नाही.

आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले तरी बर्फ, आणि सरबतात घालतो तोही बर्फ. इथे मात्र हा फरक पायांना कळायला हवा. कडाक्याच्या थंडीत पडलेले ताजे हिम कोरडे असते, पावलाखाली करकरते, हातात घेऊन गोळा करू म्हटले तर होत नाही, आणि त्यावरून चालणे सोपे असते. खरी भीती पारा शून्याच्या आसपास खालीवर करतो त्या दिवसांची असते. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठते, त्यावरून मोटारी जातात, आणि त्यांची बिनखिळ्यांची चाके तो थर घासून काचेसारखा करतात. रस्ता ओलांडण्याच्या जागी हे सर्वांत जास्त होते. अशा वेळी श्रावणात शेवाळलेली पाखाडी उतरताना तू जशी पावले टाकतोस, तशीच टाक: छोटी, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर ठेवून. चौकांत वाळूखडीच्या पिशव्या भरलेल्या पेट्या असतात. त्यातली पिशवी कुणीही फोडून रस्त्यावर पसरावी, अशीच पद्धत आहे. परका म्हणून मागे उभे राहू नकोस. मी पहिल्यांदा ती पिशवी फोडली, तेव्हा मागून येणाऱ्या एका आजीबाईंनी थांबून, वाकून माझे आभार मानले होते, आणि या गावात आपली काही जागा आहे असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

कपड्यांसाठी पुण्याहून जाड स्वेटर विकत आणू नकोस. बाहेर उणे 10 अंश असले तरी भुयारी रेल्वेत आणि दुकानांत चांगलीच ऊब असते, तिथे अंगाला घाम सुटतो, आणि सुती बनियन तो घाम धरून ठेवते. बाहेर पडताच तेच ओले बनियन हाडांपर्यंत गारठा पोचवते. म्हणून आत लोकरीचा पातळ थर हवा आणि वर झटकन काढता येतील असे दोन.

घराच्या दोन गोष्टी मनावर कोरून ठेव. पहिली, रॉकेलच्या हीटरची धूर बाहेर सोडणारी नळी. रात्रीतून साचलेल्या हिमाने तिचे तोंड बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत साठतो आणि त्याला वास नसतो. मोठी हिमवृष्टी झाली की सकाळी चहाच्या आधी ते तोंड मोकळे कर. दुसरी गोष्ट म्हणजे ‘मिझुओतोशी’, म्हणजे घर सोडण्यापूर्वी नळांतले पाणी पूर्ण काढून टाकणे. पहिल्या हिवाळ्यात मी ते न करता पंधरा दिवस कोकणात घरी गेले. परतले तेव्हा नळ गोठलेले होते आणि एक नळी फुटली होती. खालच्या बिऱ्हाडाचे छत भिजले. त्या कुटुंबाची माफी मागताना मला झालेले दुःख तुझ्या वाट्याला येऊ नये.

डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि थंडीपेक्षा हा अंधारच मनाला अधिक खातो. त्यावर एकच उपाय मला लागू पडला, तो म्हणजे दुपारी उजेड असताना रोज बाहेर पडणे. फेब्रुवारीतला ओदोरी उद्यानातला हिमोत्सव अवश्य पाहा. 1950 साली शाळकरी मुलांनी केलेल्या सहा हिमशिल्पांपासून तो सुरू झाला. पण त्याहून जवळची गोष्ट तुझ्या विद्यापीठातच आहे. तिथे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी 1936 साली सशाच्या केसावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. त्या जागी षट्कोनी स्मृतिशिला आहे. वारा पडलेल्या, कडक थंडीच्या दिवशी तिच्यापाशी उभे राहून काळ्या कोटाची बाही पुढे धर. सहा पाकळ्यांचे कण लोकरीच्या तंतूंवर अलगद टेकतील, दोन नीट पाहिलेस तर वेगळे दिसतील. श्वास मात्र रोखून धर, त्याच्या उबेनेच ते विरघळतात. ताजे हिम आवाज शोषून घेते, त्यामुळे त्या वेळी एवढ्या मोठ्या शहरात तुला स्वतःच्या श्वासाखेरीज फारसे काही ऐकू येणार नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस हवेत पांढऱ्या लोकरीच्या ठिपक्यांसारखे किडे संथपणे तरंगताना दिसतील. त्यांना ‘युकिमुशी’ म्हणतात, आणि ते दिसले की लवकरच हिम पडणार असे इथले लोक मानतात. त्या दिवशी मला फोन कर. आपण दोघे जाऊन तुझे बूट घेऊ. तळ पाहून घ्यायचे असतात, ते मी दाखवते.

तुझी,
मावशी