वय झालं की माणूस विसरभोळा आणि चिडका होतोच का?

तुमचे वडील ७२ वर्षांचे, जेवणाला नावं ठेवतात, सांगावं एक तर करतात भलतंच आणि वर चिडतात, तर हे वयाचंच का असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही, मालवणजवळ आईसोबत राहतो, ती ७६ची आहे, तिच्यावरून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाजारातून फोन करून तिला म्हटलं पाडेल्याला साठ नारळ काढायला सांग, घरी येऊन बघतो तर अंगणात मोजून आठ. मी म्हटलं झालं, आता विसरायला लागली. ती म्हणे, "तूच आठ म्हणालंस!" आणि तिचं बरोबर होतं हो. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात, आणि 'स', 'श', 'फ' नेमके त्यातले, म्हणजे साठमधला 'स' गेला की उरतं आठ. आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि मग आपण ओरडतो, त्याने काही होत नाही, उलट त्यांना वाटतं हा भांडतोय. समोर बसून सावकाश बोला. शिवाय सगळं डोकं शब्द जुळवण्यातच गुंतलं की लक्षात काय राहणार? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या ज्या १४ टाळता येण्याजोग्या गोष्टी दिल्यात त्यात कमी ऐकू येणं आहे, म्हणून कान आधी तपासा.

जेवणाचं म्हणाल तर चव बरीचशी नाकात असते आणि वयाने नाक मंदावतं. आईला कढीत मीठच लागेना, वरून घालायची, त्यात बीपीची गोळी चालू! मग बायकोने बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं वाढवली, कारण जिभेवरच्या त्या झिणझिण्या वासाच्या नसतात, तिखटासारख्या जाणवतात. आता ती गप जेवते. ताजा बांगडा मात्र ती अजून माझ्यापेक्षा बरा ओळखते, वास कळत नाही तर कल्ला उचलून लाल आहे का बघते, बोटाने दाबते. वयाने डोक्याचा वेग कमी होतो, साठवलेली समज आणि शब्द बराच काळ टिकतात.

हो, दोन-चार दिवसांतच माणूस बरळायला लागला तर ते वय नव्हे, लघवीचं इन्फेक्शन नाहीतर सोडियम कमी झालेलं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आणि बरेच आठवडे उदास, गप्प असतील तर तेही 'वय झालं' म्हणून सोडू नका, डिप्रेशनला औषध आहे. व्हिटॅमिन बी१२ आणि थायरॉइडही बघून घ्या.

बाकी स्वभाव वयाने बिघडतोच असं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की वेळ थोडा उरलाय हे कळलं की माणूस आपल्या जवळच्यांपुरतं जग ठेवतो आणि बऱ्याचदा जास्त समाधानी असतो. आईने बांधावरून भावकीशी भांडणं सोडली, कोकणात याला चमत्कारच म्हणायचा! कानाच्या मशीनची सवय व्हायला तिला महिना-दीड महिना लागला, आता दिवसभर लावते. फक्त शेजारच्या काकी गजालीक, म्हणजे गप्पा मारायला, आल्या की काढून डब्यात ठेवते.