कोळी आजोबा, आगरी आजी: घराण्याचा इतिहास कुठून शोधायला घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की आजोबा उरणकडचे कोळी, आजी अलिबागच्या खारेपाटातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली) आगरी, आडनाव पाटील, आणि पणजोबांच्या पलीकडचं घरात कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे हीच सोयरीक उलट्या बाजूने आहे. वडिलांकडे शेती, आजी कोळीवाड्यातली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आजोबांपासून सुरुवात करू नका. आपल्याकडचे जुने सरकारी कागद जमिनीच्या मागून चालतात आणि कोळ्याच्या नावावर बहुतेक वेळा शेतजमीन नसतेच. कोळीवाडा गावठाणात, आणि गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यामुळे कोळी घराण्याचा माग त्याच्या स्वतःच्या दप्तरापेक्षा बायकोच्या माहेरच्या दप्तरात लवकर लागतो. तुमच्या बाबतीत म्हणजे आजीच्या भावांच्या शेतात.

आजीच्या वडिलांचं नाव आणि गाव एवढं हाताशी असेल तर त्यांच्या जमिनीचे जुने, हाताने लिहिलेले सातबारे काढा. नावांशेजारी गोल केलेले आकडे दिसतील, ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदींचे, क्रमांक. एकेक क्रमांक धरून मागे मागे जायचं. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन झालेत आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतात. तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज करायचा. जिल्ह्याच्या नावात गोंधळू नका. १९८१ पूर्वीच्या कागदावर रायगड नाही, कुलाबा असेल.

या सगळ्यात सोन्यासारखा कागद म्हणजे वारसाचा फेरफार आणि त्यामागून येणारं हक्कसोडपत्र. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्याआधीच्या नोंदींत बहुधा मुलगेच दिसतात. त्यानंतर मुलींची नावं येऊ लागली, आणि लगेच भावांसाठी हक्क सोडल्याची नोंदही येऊ लागली. हक्क सोडणं बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण शोधणाऱ्याला त्यात बहिणीचं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव एका ओळीत मिळतं. आमच्या पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात आजोबांची एक बहीण निघाली, जिचं नाव घरात कोणी कधी घेतलं नव्हतं. सासर: आमच्या आजीचाच कोळीवाडा. म्हणजे साटंलोटं झालं होतं! मग त्याच गट नंबरचा सातबारा पुन्हा नीट पाहिला, तर ‘इतर हक्क’च्या रकान्यात एका मच्छीमार सोसायटीचा बोजा. शेतावर मच्छीमार सोसायटीचा बोजा कशाला? आत्याआजीच्या नवऱ्याच्या होडीच्या कर्जाला मेव्हण्याने शेत तारण दिलं होतं. एवढ्यावरून सोसायटीचं नाव कळलं, आणि सोसायटीच्या जुन्या सभासद रजिस्टरात नवऱ्याच्या बापाचं नाव मिळालं. कोळी बाजूची एक पिढी अशी शेताच्या कागदातून वर आली.

म्हणून नुसतं कब्जेदाराचं नाव वाचून पान उलटू नका. उजवीकडचा तो रकाना लोक हमखास सोडून देतात.

खारेपाटातली बरीच आगरी कुटुंबं कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसत राबत होती, जमीन खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या नावावर. चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला तो याच खोतीविरुद्ध. तेव्हा जुन्या कागदावर कब्जेदार भलताच दिसला तर घाबरू नका, कुळाच्या रकान्यात शोधा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांना जमिनी विकत मिळाल्या, त्याची ‘३२ग’ची (कूळ कायद्याच्या त्या कलमाखालची) प्रकरणं तहसीलच्या दप्तरात असतात. त्यात कुळाचा जबाब असेल तर जरूर मागा. कोण कधीपासून कसतंय, बाप कोण, भाऊ कोण, हे त्यात सापडण्याची शक्यता मोठी.

वाचताना थोडी लिपी आणि थोडी भाषा अंगवळणी पडावी लागते. ‘राघो बिन नामा’ म्हणजे नामाचा मुलगा राघो, ‘भागी कोम राघो’ म्हणजे राघोची बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे तो एकटा मालक नाही, मागे भाऊ आहेत. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) लिहिलं असेल तर वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता. वयाचा अंदाज तिथेच लागतो.

आडनावाच्या भरवशावर मात्र अजिबात राहू नका. पाटील, भोईर, भगत, तांडेल ही आडनावं आगऱ्यांतही आहेत आणि कोळ्यांतही. कुलदैवतानेही निवाडा होत नाही, कारण कार्ल्याची एकवीरा दोघांचीही. दोन कागदांतला ‘नामा पाटील’ एकच माणूस आहे असं म्हणायला बापाचं नाव, गाव आणि गट नंबर यांतलं किमान दोन जुळलं पाहिजे. बायकांचं तर नावच लग्नात बदलतं. माहेरच्या कागदात चांगुणा आणि सासरच्या रेशनकार्डावर लक्ष्मी, ही एकच बाई असू शकते.

कोळी बाजूसाठी सोसायटीचं रजिस्टर, ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही (नमुना ८) आणि शाळेचं जनरल रजिस्टर एवढं तरी पाहा. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी टाकलेली समजा. जात, पालकाचं नाव आणि गाव मात्र उपयोगी पडतं. शेवा कोळीवाड्यासारखं गाव बंदरासाठी उठलं असेल तर पुनर्वसनाच्या याद्यांत कुटुंबं सापडतात. सिडकोच्या पट्ट्यात संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी लोकांनी वारस दाखले काढलेत, ते भाऊकीत कोणाकडे तरी असतातच.

त्याहून मागे जायचं तर गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्ह्यांनी ही दप्तरं स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली. शोध कुणब्यांचा असला तरी पानावर अख्खं गाव आहे. आणि घरातलं कोणी पूर्वी त्र्यंबकला विधीसाठी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांची नामावली, म्हणजे येणाऱ्या यजमान कुटुंबांच्या नावांची वहीही पाहा. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते.

हे सगळं करताना म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७, गटारी अमावास्या) तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला (१९४४) तेव्हा कोण गोदीत कामाला होतं, मानमोडीच्या साथीत (१९१८) घरातलं कोण गेलं म्हणून सांगायचे, असं. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी गाणारी धवलारीण गावात अजून असेल तर तिला आवर्जून भेटा. कोणाची पोर कुठे दिली हे तिला तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. अशी सोयरीक त्या काळी सरळ ठरवून होत असेच असं नाही, पळून झालेली असली तर घरचे विषय टाळतील. बाहेरची बाई सांगेल.

सगळ्यात सोपी वाट शेवटी सांगतो, कारण ती माणसांवर अवलंबून आहे. भाऊकीत कोणाची जात पडताळणी झाली असेल तर त्याच्या फाइलला शपथपत्रावरची वंशावळ आणि १९६७ पूर्वीचे पुरावे जोडलेले असतात. कोणीतरी तुमचं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. फक्त मागायला एकटे जाऊ नका. उरण-पनवेलकडे जमिनीला भाव आल्यापासून वंशावळ मागणारा माणूस हिश्शासाठीच आलाय असं धरलं जातं. घरातला एखादा वडीलधारा सोबत न्या, तुम्ही काढलेला वंशवेल आधी त्यांच्यापुढे ठेवा, त्यात त्यांच्या पोरानातवंडांची नावं त्यांच्याच हाताने भरू द्या, आणि मग फाइलीचा विषय काढा. सातबाऱ्याची नक्कल त्या दिवशी पिशवीतून बाहेर काढू नका.