कारण आठवत नाही, भीती मात्र वाटते

प्रश्न : दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला की माझ्या छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो. तसा वाईट प्रसंग एकही आठवत नाही. मग ही भीती येते कुठून? – एक वाचक, सातारा

उत्तर : प्रसंग आठवत नाही म्हणून तो घडलाच नाही, असे म्हणता येत नाही. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एडुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका प्रयोगाची नोंद केली. स्मृतिभ्रंश झालेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली होती (आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे). ती टोचणी बाई लगेच विसरल्या. पण पुढे क्लापारेद यांनी हात पुढे करताच त्यांनी आपला हात झटकन मागे घेतला, आणि तसे का केले हे त्यांना धड सांगता येईना. प्रसंगाचा तपशील जपण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस करतो, तर धोक्याची खूणगाठ मुख्यतः ॲमिग्डाला या मेंदूच्या दुसऱ्या भागात बांधली जाते. त्यामुळे अगदी लहानपणी घेतलेल्या इंजेक्शनची आठवण पुसली जाऊनही भीती उरू शकते. तुमच्या बाबतीत हा अर्थात अंदाजच. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे, मात्र मूळ प्रसंग सापडलाच पाहिजे असे नाही. तोच वास सुरक्षित वातावरणात थोडा थोडा, पुनःपुन्हा घेत गेल्यानेही भीती ओसरते. या भीतीपायी तपासण्या टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे.