निपाणीची गाडी बोटीनं मोंबासाला पाठवून केपटाऊनपर्यंत चालवत न्यायची आहे. तयारी कुठून सुरू करू?

तुमची डिझेल एसयूव्ही आहे, केनियात उतरवून टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया करत केपटाऊन गाठायचंय, आणि गोवा जवळ आहे तर तिथूनच गाडी चढवता येईल का, असं विचारलंय. मार्ग चांगला निवडलाय. हे सगळे देश आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे स्टेअरिंग आणि हेडलाइटची कटकट नाही.

गोव्याचा विचार सोडा. मुरगाव जवळ आहे खरं, पण तिथं मुख्यतः कोळसा आणि खनिज असा सुटा माल हाताळतात. कंटेनरसाठी न्हावा शेवाच बरं. निपाणीहून हायवेनं चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि कार्नेचं, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कागदाचं, कामही मुंबईतच असतं.

कार्ने ही कस्टमला दिलेली हमी आहे: गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत बाहेर नेईन, नाही नेली तर ड्युटी भरली जाईल. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते. गाडीची किंमत आणि जायचे देश बघून बँक गॅरंटी घेतात, म्हणून बँकेशी आधी बोलून ठेवा. मुदत एक वर्ष. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसीही लागेल.

आपल्या सीमाभागात बहुतेकांचं अडतं ते नावागावावर. पासपोर्टवर बेळगाव, आरसीवर बेळगावी (२०१४ ला नाव बदललं), एकीकडे पूर्ण आडनाव तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. कार्ने, आरसी, पासपोर्ट आणि बिल ऑफ लेडिंग (शिपिंग लाइन देते ती मालाची पावती) या चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच पाहिजे. गाडी एमएच ०९ पासिंगची असेल आणि केए २३ करून घ्यायची असेल, तर ती आधी करा. कार्ने निघाल्यावर नंबर बदलला की ते कार्ने वाया गेलं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओ देतं, तेही एका वर्षाचंच. नंबरप्लेटवर निळ्यात आयएनडी असलं तरी मागं आयएनडीचा लंबगोल स्टिकर वेगळा लावा.

आता गाडीखाली वाका. फ्रेमवर बांधलेल्या बहुतेक एसयूव्हींत चॅसी नंबर चाकाजवळ लोखंडी फ्रेमवर कोरलेला असतो. उसाच्या रानातली माती तिथं बसून सिमेंटासारखी घट्ट होते, आणि त्यावर कुणी अंडरबॉडी कोटिंग मारलं असेल तर नंबर पारच बुजतो. कस्टमवाला जाताना आणि येताना हाच नंबर कार्नेशी ताडून बघतो. माती पाण्यानं भिजवून काढा, कोटिंग थिनरच्या फडक्यानं पुसा, ग्राइंडर अजिबात लावू नका. मग कागद ठेवून पेन्सिलनं नंबर उठवा. सगळे आकडे स्वच्छ उठले तरच पुढं जा. इंजिन नंबरही असाच बघा. परदेशात इंजिन बदललं तर परत येताना फार त्रास होतो.

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ रुंद असतो, दाराची उंची २.२८ मीटर. रूफ कॅरिअर आणि तंबू धरून उंची मोजा. गाडी पावणेदोन-दोन मीटर रुंद, म्हणजे मधोमध लावली तर दार उघडून उतरायला जागाच उरत नाही. डावीकडे दाबून लावायला सांगा. टाकीत पाव भागापेक्षा कमी डिझेल, गॅस सिलिंडर नाही, जेरीकॅन रिकामा आणि धुतलेला. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पहिला गिअर आणि हँडब्रेक लावा. चाकांपुढं-मागं लाकडी ठोकळे फळीला खिळवून घ्या. पट्टे चाकांवरून घ्यावेत. बॉडीला किंवा चॅसीला बांधले तर बोट हलताना गाडी सस्पेन्शनवर खालीवर होते आणि पट्टे ढिले पडतात.

बिल ऑफ लेडिंगवर माल घेणारा म्हणून तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर असू द्या. मूळ प्रती सोबत न्या, किंवा सरेंडर करून घ्या, म्हणजे त्या इथंच शिपिंग लाइनला परत देऊन तिकडं गाडी सोडायला सांगायचं. नाहीतर मोंबासात गाडी सुटत नाही, आणि बंदराचं भाडं व शिपिंग लाइनचं कंटेनरभाडं दोन्ही वेगवेगळं चढत जातं. तुमचं विमान बोट लागल्यानंतरचं काढा.

कार्नेच्या एका पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना खालचा फाडतात, निघताना मधला, आणि वरचा तुमच्याकडे राहतो. त्या वरच्या भागावर आत आणि बाहेर असे दोन्ही शिक्के हवेत. चूक होते ती नामांगा, टुंडुमा आणि काझुंगुला या सीमानाक्यांवर. तिथं दोन्ही देशांचं काम एकाच इमारतीत चालतं. माणूस नव्या देशाच्या खिडकीवर उभा राहतो आणि जुन्या देशाचा बाहेरचा शिक्का राहून जातो. पुढं तो देश ड्युटी मागू शकतो आणि तुमची गॅरंटी अडकते. दर खिडकीवर पान उघडून शिक्का आणि तारीख बघा. बोत्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका हा एकच कस्टम प्रदेश आहे, तिथं आत येताना एक आणि बंदरातून बाहेर जाताना एक शिक्का. हिशेबानं चार पानं लागतात, तरी मी दहा पानी कार्ने घ्यायला सांगेन.

आपला गाडीचा विमा तिकडं चालत नाही. केनियातला थर्ड पार्टी विमा आणि त्यावर कोमेसा यलो कार्ड (तिकडच्या अनेक देशांत चालणारं थर्ड पार्टी विम्याचं कार्ड) घेतलं की टांझानिया-झांबियापर्यंत भागतं. पुढचं सीमेवर बघावं लागतं. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून भारतात परतताना तो दाखला नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात.

बीएस६ इंजिन असेल तर डिझेल जपून भरा. आपल्याकडं गंधक १० पीपीएम असतं, दक्षिण आफ्रिकेत ५० आणि ५०० दोन्ही मिळतं. ५०० चं भरत राहिलं तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो. पंपावर आधी विचारा, आणि गाडीला युरियाचं द्रव लागत असेल तर दहा लिटरचा एक कॅन जवळ ठेवा. ते संपलं तर बंद केलेलं इंजिन परत सुरू होत नाही.

परत न्हावा शेव्याला गाडी उतरली की पुनर्आयातीचा शिक्का घ्या आणि कार्ने असोसिएशनकडे जमा करा. बँक गॅरंटी त्यानंतरच मोकळी होते.