गजकर्ण म्हणून सहा वर्षं मलम

प्रश्न : मी ४१ वर्षांची, खानावळ चालवते. सहा वर्षांपासून दोन्ही काखांत आणि जांघांत लाल चट्टे येतात, ओले होतात, चिरा पडून आग होते. सगळे गजकर्ण म्हणतात. औषधाच्या दुकानातलं मलम लावलं की आठ दिवस बरं, सोडलं की पुन्हा तेच. मार्च ते मे तर हात खाली सोडवत नाही. वडिलांनाही काखेत असंच व्हायचं, ते ‘उष्णता’ म्हणायचे. मुलांना लागेल म्हणून टॉवेल वेगळे ठेवते. काय करू?

उत्तर : ताई, वडिलांबद्दलच्या त्या एका वाक्यापाशी मी थांबले. गजकर्णाला खाज फार, कडा उठावदार आणि मधली जागा मोकळी होत जाते. तुम्हाला खाजेपेक्षा आग जास्त, चिरा, ओल, दोन्ही बाजूंना सारखंच, आणि घरात आधी कुणाला तरी होतं. मला हेली-हेली या दुर्मीळ आजाराची दाट शंका येते. १९३९ मध्ये हेली आडनावाच्या दोघा भावांनी, दोघेही त्वचारोगतज्ज्ञ, त्याचं वर्णन केलं. पेशी एकमेकींना धरून राहायला कॅल्शियम लागतं. ते हाताळणाऱ्या जनुकात दोष असला की घाम आणि घासण्याने कातडीचे थर सुटतात. चुलीपुढे उभं राहणाऱ्या बाईला उन्हाळा किती जड जात असेल!

सुरुवातीच्या काळात अशाच एका रुग्णाला मीही आठ महिने बुरशीचं औषध दिलं होतं. त्याच्या भावाची काख पाहिली तेव्हा लक्षात आलं. ती चूक मी विसरलेले नाही, म्हणून आता घरच्यांची चौकशी आधी करते.

पत्रावरून निदान होत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, वापरलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. आधी त्वचेची खरवड घेऊन बुरशी आहे का बघतील, मग छोटा तुकडा काढून बायोप्सी. हेली-हेलीत पेशी पडक्या विटांच्या भिंतीसारख्या दिसतात. पेम्फिगस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटून फोड आणणारा आजार, नाही ना, हे पाहायला इम्युनोफ्लुरोसन्स ही चमकणाऱ्या रंगाने करायची तपासणीही लागते.

दुकानातलं ते मलम, बहुधा तीन-चार औषधांचं मिश्रण असलेलं, मात्र मनाने लावणं थांबवा. त्यातल्या स्टेरॉइडने लाली बसते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण जांघेतली कातडी पातळ होते. स्टेरॉइड या आजारातही देतात, मात्र मोजके दिवस, सोबत प्रतिजैविक मलम किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. तरीही उठत राहिलं तर काखेत घाम कमी करणारी बोट्युलिनमची इंजेक्शनं किंवा लेझर. मुळासकट जाणार नाही, पण महिनोन्‌महिने शांत राहू शकतं. सैल सुती ब्लाउज, घामेजलेले कपडे लगेच बदलणं, एवढं आजपासून करा. अचानक फार दुखू लागलं, बारीक फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. अशा कातडीवर नागिणीच्या जातीचा हर्पीसचा विषाणूही बसतो.

हेली-हेली ठरलं, तर टॉवेल वेगळे ठेवायची गरज नाही. तो स्पर्शाने लागत नाही. मात्र प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि दिसतो तो बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यान. मुलं मोठी झाली की त्यांना नाव सांगून ठेवा.